पस्तीस जीबी कुठे गेले?

मी इंग्लंडातल्या एका शाळेत संगणक शिकवते. गेल्या महिन्यात मला तिथे वर्गात उभं राहून 27 मुलांची माफी मागावी लागली. नाताळच्या सुट्टीसाठी पुण्यात आलेय, गॅलरीत चहा घेऊन बसलेय, खाली रिक्षावाल्याचं आणि कुणाचं तरी सुट्ट्या पैशांवरून जुंपलंय, आणि डोक्यात अजून तो वर्गच. म्हटलं, लिहूनच टाकावं.

मुलं इयर टेनची, म्हणजे साधारण आपल्या नववीच्या वयाची. सप्टेंबरमध्ये मी रुजू झाले तेव्हा बायनरी आणि एककांचा धडा आधीच्या बाईंनी उरकला होता. माझ्या वाट्याला चित्रं आणि आवाज आले: पिक्सेल, कलर डेप्थ, सॅम्पलिंग वगैरे. नोव्हेंबरात उजळणीची चाचणी घेतली. त्यात एक प्रश्न होता, फाइल 6000 बाईटची आहे, तर किती किलोबाईटची? झाडून सगळ्यांनी लिहिलं 6. मी झाडून सगळ्यांना चूक दिलं. माझ्या हिशेबाने किलोबाईट म्हणजे 1024 बाईट, म्हणून प्रत्येक पेपरवर लाल पेनाने 1024 लिहिलं आणि खाली दोन रेघा मारल्या. 27 पेपर, 54 रेघा.

वर स्टाफरूममध्ये ऐकवूनही आले, की इथल्या पोरांचा पायाच कच्चा. आमच्या पुण्यातलं अकरावीचं पोरगं अर्ध्या रात्री उठवून विचारलं तरी एक हजार चोवीस सांगेल.

आमची विभागप्रमुख माझ्यापेक्षा बारा वर्षांनी लहान आहे. दुसऱ्या दिवशी ती अभ्यासक्रमाची प्रत घेऊन माझ्या टेबलापाशी आली आणि एका ओळीवर बोट ठेवलं. किलोबाईट म्हणजे 1000 बाईट. मेगाबाईट म्हणजे 1000 किलोबाईट. परीक्षा मंडळाचं, छापील. आणि वर मलाच म्हणते, "सॉरी, हे मी तुला पहिल्याच आठवड्यात सांगायला हवं होतं. माझी चूक."

ते "माझी चूक" मला जास्त लागलं. ओरडली असती तर भांडता तरी आलं असतं. पुण्यात मी शिकवायचे तिथे चूक कुणाची हे ठरवायला मीटिंग बसायची, मीटिंगमध्ये आधी मागच्या मीटिंगचं इतिवृत्त वाचायचे, तेवढ्यात घंटा व्हायची. ती पद्धत मला आवडायची असं अजिबात नाही. पण तिथे माणसाला आपली बाजू तयार करायला वेळ मिळायचा.

तर माझी बाजू इथे मांडते. वाचणारे आपलेच आहेत.

मेमरीला पत्त्यांच्या तारा असतात, प्रत्येक तारेवर 0 किंवा 1. दहा तारा घेतल्या की दोनाचा दहावा घात, 1024 जागा. बरोबर हजार जागांची मेमरी करायची तर 24 पत्ते मुद्दाम वाया घालवायला हवेत. 1024 हजाराच्या इतकं जवळ, की इंजिनिअर मंडळी त्यालाच किलो म्हणू लागली. मी अकरा वर्षं बायफोकलला, म्हणजे अकरावी-बारावीच्या व्यावसायिक विषयाला, 8085 हा मायक्रोप्रोसेसर शिकवला. (ज्यांनी केलंय त्यांची बोटं किटवर दाबायचे सूचनांचे आकडे अजून सांगतील: 3ई, 32, 76. आमच्या एका किटचं बटण एकदा दाबलं की आकडा दोनदा उमटायचा, त्या किटवर ज्याची प्रॅक्टिकल यायची त्याचं नशीब.) 8085ला पत्त्यांच्या सोळा तारा, म्हणून 65,536 जागा, म्हणून 64 के. पासष्ट पॉइंट पाच-तीन-सहा नव्हे, चौसष्ट. इतकं सुबक उत्तर ज्याने वर्षानुवर्षं फळ्यावर उतरवलंय, त्याला हजाराने भागा म्हणून सांगू नये.

दुसरी बाजूही आहे, नाइलाजाने सांगते. किलो म्हणजे हजार हे ग्रॅमपासून मीटरपर्यंत जगभर ठरलेलं. संगणकवाल्यांनी तेवढं वेगळं का वागावं? म्हणून 1998 साली आयईसी या आंतरराष्ट्रीय आयोगाने, विजेच्या आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या क्षेत्रातली मानकं ठरवणं हेच त्यांचं काम, एक तोड काढली. हजारवाला तो किलोबाईट, 1024वाला तो किबीबाईट. पुढे मेबीबाईट, गिबीबाईट, टेबीबाईट. नाव ठेवण्याआधी कुणीतरी एकदा मोठ्याने म्हणून बघायला हवं होतं. मेबीबाईट म्हटलं की मला वाटतं, मेगाबाईट असेलही, नसेलही.

बरं, तोड काढली तर सगळ्यांनी पाळावी? इंग्लंडात परीक्षा मंडळं अनेक आहेत आणि कोणाचं घ्यायचं ते शाळा ठरवते. एक मंडळ म्हणतं 1000. दुसरं म्हणतं 1000 घ्या नाहीतर 1024, दोन्ही चालेल. तिसरं म्हणतं किबीबाईटमध्येच लिहा. आपल्याकडे एसएससी की सीबीएसई यावरून सख्ख्या जावा अबोला धरतात, पण किलोबाईटवरून कुणी धरल्याचं ऐकलं नाही.

सगळ्यात कहर साडेतीन इंची फ्लॉपीचा. तिच्यावर 1.44 एमबी लिहिलेलं असायचं. आत मावायचे 14,74,560 बाईट. हजाराच्या हिशेबाने ते 1.47 एमबी होतात, 1024च्या हिशेबाने 1.41. मग 1.44 आलं कुठून? आधी 1024ने भागून 1440 केबी केले, मग त्याला हजाराने भागलं. एकाच लेबलात दोन्ही पक्ष खूश. हे मी विभागप्रमुख बाईंना मोठ्या उत्साहाने सांगितलं. ती म्हणाली, "इंटरेस्टिंग." इंग्रज माणूस इंटरेस्टिंग म्हणाला की विषय संपला, हे मला आता कळायला लागलंय.

त्यांच्या 1000चं कारण मात्र मला नंतर उमगलं आणि माझा अर्धा राग गेला. या पेपरला कॅल्क्युलेटर नेता येत नाही. समजा चित्र 800 गुणिले 600 पिक्सेलचं, म्हणजे ठिपक्यांचं, आणि कलर डेप्थ, म्हणजे प्रत्येक ठिपक्याच्या रंगाला लागणारी जागा, 24 बिट. गुणाकार केला, आठ बिटांचा एक बाईट म्हणून आठने भागलं, 14,40,000 बाईट. आता हजाराने भागायचं तर तीन शून्यं खोडली, 1440 केबी, पुढच्या प्रश्नाकडे. 1024ने भागायचं तर 1406.25, आणि तोवर निम्म्या वर्गाचा घाम निघालेला. तपासायचं आहे ते चित्र आकड्यांत कसं उतरतं हे कळलंय का, भागाकार येतो का हे नाही. पटतं मला.

उरलेला अर्धा राग तसाच आहे. आमच्या आजीला औटकीपर्यंत सगळं तोंडपाठ होतं, साडेतीनचा पाढा, आणि रुपयाचे सोळा आणे ती मनातल्या मनात असे फिरवायची की हेक्साडेसिमल, म्हणजे सोळाच्या पटीतली मोजणी, तिला एका दुपारी शिकवता आलं असतं. माझ्या पुण्याच्या वर्गात ऐंशी पोरं आणि दोन पंखे, पण दोनाचे घात सोळाव्यापर्यंत न अडखळता म्हणायची. इंग्लंडातली माझी पोरं 7 गुणिले 8ला थांबतात. अर्थात माझ्या त्या ऐंशीतल्या किती जणांना 1024च का हे सांगता आलं असतं, कोण जाणे. मी कधी विचारलं नाही. पेपरात तो प्रश्न यायचा नाही.

तर माफी. त्या वर्गाशी माझं आधीच एक झालेलं होतं. पहिल्या आठवड्यात बोटांवर बायनरी करून दाखवत होते: अंगठा 1, तर्जनी 2, मधलं बोट 4. "आता सगळ्यांनी चार दाखवा," म्हटलं आणि वर्गाला काय झालं तेच कळेना. पुण्यात अकरा वर्षं चार दाखवत आले, कुणी हसलं नाही. किंवा हसले असतील, माझी पाठ असेल. त्यामुळे या वेळी हात खिशात ठेवूनच उभी राहिले. पेपर परत दिले, गुण वाढवले, म्हटलं, चूक माझी होती, तुमचं 6 बरोबर आहे. कुणी चिडवलं नाही. दोघांनी "थँक यू, मिस" म्हटलं. मग खिडकीजवळच्या मुलाने विचारलं, "मिस, पण मग खरं काय?"

मी म्हटलं, "तुमच्या अभ्यासक्रमात दिलंय ते लिही."

म्हणताना माझं मलाच ऐकू आलं. 'पुस्तकात आहे ते लिहा' या वाक्याच्या नावाने बोटं मोडत मी पुणे सोडलं, असं निदान मी सगळ्यांना सांगते. (पगार हेही कारण होतं.)

नंतरच्या आठवड्यात अक्षरांचे संकेतांक, म्हणजे संगणक अक्षराच्या जागी ठेवतो ते आकडे, आले तेव्हा मात्र मैदान माझं होतं. आधी फळ्यावर पुण्याचं नाव इंग्रजीत लिहिलं: पी 80, यू 117, एन 110, ई 101. चार अक्षरं, चार बाईट. मग खाली देवनागरीत 'पुणे' लिहिलं आणि विचारलं, किती? पोरांकडे वहीएवढे पांढरे फळे असतात, उत्तर लिहून डोक्यावर धरायचं. बहुतेकांचं 2. दोन-चार जणांचं 4. एकाने 100 लिहून पाहिलं. उत्तर 12. प, उकार, ण, मात्रा असे चार वेगवेगळे संकेतांक, आणि यूटीएफ-8 या आजच्या साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचा प्रत्येक संकेतांक तीन बाईट घेतो. एकट्या प चे तीन बाईट बायनरीत उतरवले तर फळ्याची एक ओळ संपते. "तुमचं गाव आमच्यापेक्षा तिप्पट जड आहे," एक जण म्हणाला. मी म्हटलं, आहेच.

मग राहवलं नाही. तास माझाच होता. त्यांना सांगितलं की इस्की या भारतीय लिप्यांच्या जुन्या संकेतपद्धतीत हेच नाव चार बाईटमध्ये बसायचं, की युनिकोडचा, म्हणजे जगभरच्या लिप्यांच्या आजच्या संकेतांकांचा, देवनागरी तक्ता 1988च्या इस्कीवरूनच बेतलेला आहे, आणि इस्कीवर चालणारी, संगणकात बसवून भारतीय लिप्या उमटवणारी जिस्ट कार्डं पूर्वी बनवणारी सी-डॅक ही सरकारी संस्था आमच्या गावात आहे, पाषाणला, बसने जाता येतं. बसचं सांगायची गरज नव्हती. हेही सांगितलं की एका एसएमएसमध्ये इंग्रजी 160 अक्षरं मावायची आणि मराठी 70, म्हणून आम्ही आमचीच भाषा त्यांच्या लिपीत लिहायला लागलो. एका मुलीने हात वर केला. तिची आजी गुजराती. आजीचं नाव तिने फळ्यावर गुजरातीत लिहिलं, हळूहळू, अक्षर चित्र काढल्यासारखं, एक मात्रा विसरून. मी मात्रा दिली. मग सगळ्यांनी बाईट मोजले, तीन त्या मात्रेचे धरून. त्या दिवशी घरी जाऊन पिठलं केलं, एकटीसाठी, जरा जास्तच.

आता मुख्य गोष्ट. 2011 साली बाबांनी पासोड्या विठोबाजवळच्या एका दुकानातून 500 जीबीची हार्डडिस्क आणली. बाबा टपाल खात्यात हिशेबाला होते, तिकिटाच्या पैशाचाही ताळमेळ लागेपर्यंत न उठणारे. डिस्क जोडली तर संगणक दाखवतो 465. बाबांनी डिस्क पुन्हा खोक्यात घातली, पावती खिशात ठेवली, मला सोबत घेतलं.

"पस्तीस जीबी कुठे गेले?"

"काका, असंच असतं."

"असंच असतं म्हणजे? पैसे पाचशेचे घेतलेत. किलोभर पेढे घेतले आणि घरी 930 ग्रॅम भरले, तर तुम्ही काय म्हणाल?"

"काका, मी पेढे विकत नाही."

गिऱ्हाइकं थांबून ऐकायला लागली तेव्हा मी मध्ये पडले आणि एम.एस्सी. झालेली मुलगी या नात्याने निकाल दिला: संगणक 1024ने मोजतो, कंपन्या हजाराने मोजून आकडा फुगवतात, ही कंपन्यांची लबाडी. दुकानदाराने डिस्क परत घेतली नाहीच, पण बाबा जिंकून घरी आले. तेव्हापासून त्या दुकानावरून जाताना ते दर वेळी म्हणतात, "हे ते पस्तीस जीबीवाले." आणि मी पुढे प्रत्येक बॅचला ही लबाडीची गोष्ट उदाहरण म्हणून सांगितली. वर्ग हसायचा.

काल सकाळी उपमा खाताना बाबांना म्हटलं, "बाबा, तो दुकानदार बरोबर होता."

"कुठला?"

"पस्तीस जीबीवाला. गिगा म्हणजे शंभर कोटी. डिस्कमध्ये पाचशे गुणिले शंभर कोटी बाईट होते, पुरेपूर. संगणकच 1024ने भागून पुढे जीबी लिहीत होता."

बाबांनी उपम्यातली मिरची ताटलीच्या कडेला लावली. "म्हणजे कमी नव्हते?"

"नव्हते."

"तू लबाडी म्हणाली होतीस. चारचौघांत."

"म्हणाले होते. रॅमला अजूनही 1024च लावतात हं, तिथे माझंच बरोबर…"

"रॅमचं मी विचारलं नाही." आणखी एक मिरची निघाली. मग म्हणाले, "असेल तो बरोबर. पण बोलायची पद्धत चुकलीच त्याची. गिऱ्हाइकाला असंच असतं म्हणायचं नसतं. कसं असतं ते सांगायचं."

संध्याकाळी मला तपकीर गल्लीत जायचंय. शाळेसाठी 64 जीबीचा पेन ड्राइव्ह हवाय. बाबा सोबत येतो म्हणालेत.