दिवेघाट ते वाल्हे: पाय कुठे कुरकुरतात

आळंदी ते पंढरपूर हे अंतर अडीचशे किलोमीटरच्या घरातलं. पण माउलींच्या पालखीसोबत चालताना बऱ्याच जणांची वारी सुटते ती सुरुवातीच्या पाच-सहा दिवसांतच. पुण्याच्या दोन मुक्कामांनंतरचा सासवडचा टप्पा ३० किलोमीटरच्या वर जातो, शेवटी दिवेघाट असतो, आणि ज्येष्ठ वद्य अष्टमीच्या प्रस्थानानंतर योगिनी एकादशी साधारण याच दिवशी येते. म्हणजे सगळ्यांत लांब चाल नेमकी उपासाच्या दिवशी.

वडकी नाल्याच्या विसाव्याला साबुदाणा वडे हाणले की घाटात घशाशी आलंच समजा. आम्ही शेंगदाण्याचा लाडू, केळं आणि ताक एवढ्यावर घाट चढतो. घामातून मीठ जातं, ते भरून काढलं नाही तर पोटऱ्यांत गोळे येतात. १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ (उपास असेल तर सैंधव), एवढं पुरतं. मात्र माप चुकवू नका. मीठ जास्त पडलं तर अपायच होतो. पाणी घोटाघोटाने प्यायचं. घाटात टाळकऱ्यांच्या ठेक्यावर पाऊल टाकलं तर दम कमी लागतो. पुढे पळून वर जाऊन बसणाऱ्यांचे पाय गार होतात आणि उठताना गुडघे धरतात.

फोड येतो तो ओल आणि घासणं एकत्र आल्यावर. पावसात भिजलेले मोजे तसेच ठेवले, चपलेत वाळूचा कण राहिला, की टाचेची किंवा चवड्याची कातडी आतून सुटते. त्याआधी ती जागा गरम लागते, चुरचुरते. थांबायचं ते त्याच क्षणी. पाय पुसायचा, कोरडा करायचा, चिकटपट्टी बिनसुरकुतीची लावायची. ‘पुढच्या विसाव्याला बघू’ म्हणणारा माणूस संध्याकाळी टेम्पोत दिसतो. लहान फोड फोडू नये. मोठा, ताणलेला असेल तर सुई स्पिरिटने पुसून कडेला भोक पाडायचं, पाणी दाबून काढायचं, वरची कातडी तशीच ठेवायची, बीटाडीन लावायचं. सुईदोरा आरपार ओवून दोरा आत ठेवण्याची जुनी पद्धत अजून दिंडीदिंडीत चालते. आमच्या मते ती सोडावी, दोऱ्यावाटे घाण आत जाते आणि पू होतो. मधुमेह्याने फोडाला स्वतः हातच लावू नये, वाटेवरच्या आरोग्य पथकाकडे जावं.

नवी कोरी चप्पल वारीत घालू नये, महिनाभर आधी वापरून मऊ करावी. पाय सुजतात म्हणून अर्धा नंबर मोठी घ्यावी. नखं सरळ कापावीत. मांड्या घासून सोलतात त्याबद्दल कोणी बोलत नाही. पहाटे खोबरेल तेल किंवा व्हॅसलीन लावलं की तो प्रश्न मिटतो. पावसाला रेनकोटपेक्षा डोक्यावरून घेतलेला प्लास्टिकचा कागद बरा, आत घाम कोंडत नाही.

सासवडला दोन मुक्काम असतात. तो मधला दिवस गावात हिंडण्यात घालवू नका. कपडे वाळवा, पाय उशाएवढ्या उंचीवर ठेवून झोपा. पुढे जेजुरी, मग वाल्हे. या दोन दिवसांत अंग चालीला सरावतं, पण पोट दगा देतं. वाटेत प्रत्येक जण ‘घ्या माउली’ म्हणून काहीतरी हातावर ठेवतो. नाही म्हणवत नाही, हे खरं. मग लाडू, न सोललेली फळं पिशवीत टाकावीत, कापून ठेवलेलं फळ हात जोडून नाकारावं, आणि जेवण आपल्या दिंडीतलंच घ्यावं.

संध्याकाळी तळावरच्या समाजआरतीला चोपदार दंड उंचावतात आणि सगळे टाळ एकदम थांबतात. एखाद्या दिंडीची तक्रार असेल तर तिचे टाळ मात्र वाजत राहतात, आधी तिचं ऐकून घेतलं जातं. मग हरवल्या-सापडल्याची यादी. आरती झाल्यावर तंबूत गेल्या-गेल्या आडवं होऊ नका. आधी पाय धुवा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करा, उद्याचे मोजे उशाशी ठेवा. सामानाचा ट्रक उजाडायच्या आत हलतो. वळकटी त्यात गेली नाही तर दिवसभर ती आपल्याच खांद्यावर.