वारा नैर्ऋत्येचा, नाक ईशान्येकडे

व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या, ज्या लेखी परीक्षा द्याव्या लागतात, त्यांपैकी हवामानशास्त्राचा पेपर पाठांतरावर निघतो, असा विद्यार्थ्यांमध्ये सर्वसाधारण समज आहे. उत्तीर्ण होण्यासाठी ७० टक्के गुण लागतात, आणि प्रश्नसंच पुन्हा पुन्हा सोडवले की गारा कोणत्या ढगात तयार होतात, दाबाचा एक हेक्टोपास्कल म्हणजे उंचीचे किती फूट, ही उत्तरे झोपेतसुद्धा देता येतात. पूर्व विदर्भातील एका प्रशिक्षण संस्थेत मी शिकत होतो तेव्हा माझाही अभ्यास असाच चालला होता. पाठांतराला मी नावे ठेवणार नाही, कारण एप्रिलमधल्या त्या दुपारी डोळ्यांसमोर जे घडले, ते काय आहे हे ओळखता आले ते पाठांतरामुळेच.

उन्हाळ्यात आमचे उड्डाण शक्यतो पहाटे उरकले जाई. पण त्या आठवड्यात तासांचा बराच अनुशेष राहिल्यामुळे माझी एकट्याची सर्किट्स, म्हणजे धावपट्टीभोवतीच्या उड्डाण-उतरण्याच्या फेऱ्या, दुपारी लावली होती. ब्रीफिंगच्या वेळी मी नागपूर विमानतळाचा हवामान अहवाल, म्हणजे मेटार, वाचून दाखवला : वारा २३० अंशांवरून (नैर्ऋत्येकडून) ६ नॉट, दृश्यमानता ५००० मीटर, धुरकट, थोडे सीबी (गडगडाटी क्युम्युलोनिम्बस ढग), तापमान ४०, दवबिंदू १६, क्यूएनएच (उंचीमापक ज्यावर लावायचा तो समुद्रसपाटीचा दाब) १००५ आणि शेवटी नोसिग.

"हा मेटार कुणाचा आणि किती वाजताचा?" माझ्या प्रशिक्षक सरांनी विचारले.

प्रश्न साधा होता, पण त्यात सगळे आले. मेटार म्हणजे अंदाज नव्हे, ती झालेल्या निरीक्षणाची नोंद असते. नागपूरला ती दर अर्ध्या तासाने निघते आणि ती नागपूर विमानतळापुरती असते. 'पुढचे दोन तास लक्षणीय बदल नाही' असे सांगणारा नोसिग हा शब्द तेवढा भविष्याचा, पण तोही त्याच धावपट्टीसाठी. आम्ही तिथून शंभर किलोमीटरहून अधिक दूर होतो. "आता तापमान आणि दवबिंदू यांच्यातल्या फरकाचे काय करतोस?" त्यांनी पुढे विचारले. फरक २४ अंशांचा, त्याला ४०० फुटांनी गुणले की ढगाचा तळ जमिनीपासून सुमारे ९६०० फुटांवर येतो, असे मी सांगितले. परीक्षेत उत्तर इथे संपते. सरांनी मात्र मला उठवून बाहेर नेले.

ईशान्येला, सातपुड्याच्या पायथ्याच्या दिशेने, एक क्युम्युलोनिम्बस उभा होता. त्याचा ऐरणीसारखा माथा पसरू लागला होता आणि तळाखाली पावसाच्या राखाडी झालरी लोंबत होत्या, ज्या जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच विरून जात होत्या. हा पाऊस विरतो कुठे, तर त्या साडेनऊ हजार फुटांच्या कोरड्या हवेत. थेंबांचे बाष्पीभवन होताना हवा थंड होते, जड होते आणि वेगाने खाली कोसळते. जमिनीवर आदळली की चारी बाजूंना पसरते आणि ढगाच्या कितीतरी मैल पुढे धावते. १९७५ साली न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळाजवळ झालेल्या विमान अपघाताचा अभ्यास करताना वादळांचे अभ्यासक टेट्सुया फुजिता यांनी याच कोसळत्या हवेचा सिद्धांत मांडला. सेस्ना १७२ हे छोटे प्रशिक्षण विमान उतरण्यासाठी धावपट्टीकडे येताना ६५ नॉटच्या आसपास असते. अशा वेळी समोरून येणारा २० नॉटचा वारा काही सेकंदांत मागून येऊ लागला, तर पंखांवरून वाहणाऱ्या हवेच्या वेगात जो खड्डा पडतो तो भरून काढण्याइतकी उंची सर्किटच्या शेवटच्या टप्प्यात उरलेली नसते.

सरांनी उड्डाण रद्द केले. त्याचे मला आश्चर्य वाटले नाही; वाटले ते पुढच्या सूचनेचे. विमान वाऱ्याकडे नाक करून बांधतात, आणि विंडसॉक (वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी) नैर्ऋत्येचा मंद वारा दाखवत असताना त्यांनी विमानांची नाके ईशान्येकडे वळवायला सांगितली. हँगरवरच्या मंडळींनी एकमेकांकडे पाहिले, पण दोर बांधले, चाकांना चोक लावले. शेवटच्या विमानाचे दोर आवळून होईपर्यंत क्षितिजावर मातकट पट्टा दिसू लागला होता, म्हणून सर आणि मी त्याच विमानात बसून कंट्रोल धरून राहिलो.

आधी विंडसॉक पूर्ण लोंबला. मग तो उलट दिशेने ताठ झाला आणि धूळ आली. बांधून ठेवलेल्या, इंजिन बंद असलेल्या विमानाच्या वेगदर्शकाचा काटा ४० नॉटच्या खुणेपलीकडे जाऊन थरथरू लागला. बाहेरचे तापमान पाहता पाहता ४० वरून २८ वर उतरले. आणि हवेच्या दाबावरून उंची सांगणारा उंचीमापक, जो मी थोड्याच वेळापूर्वी १००५ वर लावला होता, तो जागेवर उभ्या विमानात साठ फूट खाली सरकला.

"दाब किती वाढला?" त्या घुमणाऱ्या आवाजात सर ओरडून विचारत होते. साठ फूट म्हणजे दोन हेक्टोपास्कल, मी ओरडलो. जमिनीवर साचलेल्या थंड, जड हवेने दाब वाढवला होता. वादळाच्या थंड झोताबरोबर दाब असा चढला की उंचीमापक खरी उंची आहे त्यापेक्षा कमी दाखवतो, ही चूक तशी निरुपद्रवी. पण याच चढत्या दाबावर क्यूएनएच घेऊन एखादा वैमानिक वादळ सरकल्यावर, दाब पुन्हा उतरल्यावर उतरू लागला, तर काटा सांगतो त्यापेक्षा तो साठ फूट खाली असेल. पुस्तकात हे एका ओळीत उरकले आहे, आणि त्या ओळीवर प्रश्नही फारसे येत नाहीत.

पाऊस म्हणाल तर टपोऱ्या थेंबांचा एक सडा, बस. नागपूरच्या पुढच्या मेटारमध्ये आमच्याकडच्या वादळाचा मागमूसही नव्हता, आणि त्यात नागपूरचे काहीच चुकले नव्हते.

धूळ बसली, हवा गार आणि नितळ झाली, तेव्हा मी एक-दोन सर्किट्स होतील का, असे विचारले. सरांनी आता नैर्ऋत्येला बोट दाखवले. पुढे सरकलेल्या थंड हवेने तिथली तापलेली हवा वर ढकलली होती आणि फुलकोबीसारखे नवे क्युम्युलस उंच चढत होते. त्यांनी नागपूरच्या डॉप्लर रडारचे ताजे चित्र मागवले, विमानांचे दोर रात्रभर तसेच ठेवायला सांगितले आणि माझी सर्किट्स दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला लावली.