कागलला 58, निपाणीत 60, शारजात करार संपेपर्यंत

शारजातील आमच्या भारतीय शाळेचे वर्ष एप्रिलमध्ये सुरू होते आणि मोठी सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये मिळते. त्यामुळे गेली 18 वर्षे मी बेळगाव पाहते आहे ते पावसातलेच. यंदा सुट्टीत आल्यावर बी.एड.च्या दोन वर्गमैत्रिणींना भेटून आले. आम्हा तिघींच्याही शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख एकच आहे, 1 जून, कारण आमच्या पिढीत शाळेत नाव घालताना गुरुजी बहुतेक मुलांची तीच तारीख लिहीत. एक मैत्रीण लग्न होऊन कागलला गेली आणि तेथील अनुदानित शाळेत शिकवत राहिली. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे 58 वर्षे पूर्ण होताच, 2 वर्षांपूर्वीच्या 31 मे रोजी ती निवृत्त झाली. दुसरी निपाणीच्या सरकारी शाळेत होती. कर्नाटकाने 2008 मध्ये सेवेची वयोमर्यादा 58 वरून 60 केली असल्यामुळे तिचा निरोपसमारंभ यंदाच्या मे महिन्यात झाला. दोघींच्या शाळांमध्ये कोगनोळीचा नाका आणि अर्ध्या तासाचा रस्ता एवढेच अंतर आहे, पण त्या अंतराने एकीला 2 वर्षे अधिक वर्गात उभे राहता आले.

निपाणीच्या मैत्रिणीच्या घरी चहा घेताना दोघींनी मला एकच प्रश्न विचारला, "आणि तू कधी?" मला तारीख सांगता आली नाही.

परदेशात शिकवणाऱ्या शिक्षकाच्या सेवापुस्तिकेत निवृत्तीची तारीख नसते, कारण त्याच्याजवळ सेवापुस्तिकाच नसते. असते ते करारपत्र. संयुक्त अरब अमिरातीत फेब्रुवारी 2022 पासून लागू झालेल्या कामगार कायद्याने खासगी क्षेत्रातील सर्व करार मुदतीचे केले. आमच्या शाळेत 60 नंतर एकेका वर्षाची मुदतवाढ मिळते आणि तिचे पत्र जानेवारी-फेब्रुवारीत हाती पडते, म्हणजे पत्र आले नाही तर आवराआवरीला 2 महिने उरतात. माझ्याबरोबर 12 वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या एका बाईंना 60 व्या वर्षी ते पत्र आले नाही. दहावीच्या सराव परीक्षेच्या उत्तरपत्रिका तपासत असतानाच त्यांना हे कळले. व्हिसा नोकरीला बांधलेला असल्यामुळे नोकरीबरोबर घर, आरोग्यविमा आणि त्या देशात राहण्याचा हक्कही हळूहळू सुटत जातो. तेथे 55 वर्षांवरील परदेशी व्यक्तीला 5 वर्षांचा निवृत्ती-व्हिसा मिळू शकतो हे खरे, परंतु त्यासाठी मोठी मालमत्ता, मोठी ठेव किंवा भक्कम मासिक उत्पन्न दाखवावे लागते, आणि शिक्षकाच्या पगारातून ते साधणे फार थोड्यांना शक्य आहे.

पेन्शनच्या जागी आम्हाला ग्रॅच्युइटी मिळते. तिचा हिशेब येथून जाऊ इच्छिणाऱ्या प्रत्येक शिक्षकाने निघण्यापूर्वीच मांडावा, असे मला कळकळीने वाटते. पहिल्या 5 वर्षांसाठी दरवर्षी 21 दिवसांचे आणि पुढील प्रत्येक वर्षासाठी 30 दिवसांचे मूळ वेतन, आणि एकूण रक्कम 2 वर्षांच्या वेतनापेक्षा अधिक नाही, असा नियम आहे. यातील 'मूळ' हा शब्द महत्त्वाचा. पगाराचा आकडा मोठा दिसतो, पण त्यात घरभाडे व इतर भत्ते धरलेले असतात. समजा, मूळ वेतन 3,000 दिरहम आहे आणि सेवा 18 वर्षांची झाली. तर पहिल्या 5 वर्षांचे 10,500 आणि नंतरच्या 13 वर्षांचे 39,000, असे एकूण 49,500 दिरहम हाती येतात. निपाणीची मैत्रीण 1 एप्रिल 2006 पूर्वी सेवेत लागलेली असल्यामुळे तिला जुनी पेन्शन दरमहा मिळेल. माझी रक्कम एकदाच मिळेल आणि तीवर मला उरलेले आयुष्य आखावे लागेल.

सगळीकडे असेच आहे असे नव्हे. माझी मावसबहीण इंग्लंडमध्ये शिकवते. तेथे 2011 पासून ठरावीक वयाला सक्तीने निवृत्त करण्याची पद्धत उरलेली नाही; सरकारी पेन्शनचे वय 66 होते, ते 2026 ते 2028 या काळात 67 होत आहे, आणि त्या पेन्शनसाठी किमान 10 वर्षांचा राष्ट्रीय विम्याचा भरणा लागतो. ती 63 व्या वर्षी आठवड्यातून 3 दिवस शिकवते आणि तिला कोणी वय विचारत नाही.

आखातातून परतणाऱ्यांनी पैशांइतकीच काळजी विम्याची घ्यावी. शाळेचा विमा नोकरीबरोबर संपतो, आणि 60 व्या वर्षी भारतात नवी पॉलिसी घेतली तर आधीपासूनच्या आजारांसाठी 3 वर्षांपर्यंत थांबावे लागू शकते. मधुमेह असलेल्या माणसाला ही 3 वर्षे फार मोठी असतात. म्हणून मी 54 व्या वर्षीच बेळगावच्या पत्त्यावर पॉलिसी घेतली. ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत 30 लाखांपर्यंत रक्कम ठेवता येते, पण अनिवासी असताना ते खाते उघडता येत नाही. राष्ट्रीय पेन्शन योजनेचे खाते मात्र अनिवासी भारतीयालाही उघडता येते. मी ते उशिरा उघडले, याची मला आजही खंत आहे.

परतल्यानंतरही शिकवावे, असे मला मनापासून वाटते. कागलची मैत्रीण घरीच सातवी-आठवीच्या मुलींना गणित शिकवते. 58 व्या वर्षी तिला शाळेतून उठावे लागले, परंतु तिचे शिकवणे त्या दिवशी संपले नव्हते. खानापूरच्या आतल्या गावांतून बेळगावला शिकायला येणाऱ्या मुली मराठी माध्यमातून अकरावी विज्ञानाच्या वर्गात गेल्या की इंग्रजी शब्दांनी दबून जातात. गणित तेच असते, शब्द परके असतात. परदेशात इतकी वर्षे इंग्रजीतून गणित शिकवल्याचा उपयोग मला येथेच अधिक होईल.

निपाणीहून परत आल्यावर मी दोघींना तारीख कळवली. येत्या 31 मार्चला माझा करार संपतो आणि पुढील मुदतवाढ मी मागणार नाही. अनगोळच्या घराच्या माडीवरील खोली पावसाने ओलावते, तिचे छत दिवाळीपर्यंत दुरुस्त होईल. फळ्यासाठी भिंतीचे माप घेऊन ते सुताराकडे देऊन ठेवले आहे.