गव्हाण थांबवणारे ११ मिलिसेकंद

चिकोडी भागातल्या एका साखर कारखान्यात ऐन गळितात केन कॅरिअर, म्हणजे ऊस गिरणीकडे नेणारी गव्हाण, मध्येच थांबायचा. बटण दाबलं की परत सुरू. गेटाबाहेर उसाच्या गाड्या तुंबलेल्या, त्यामुळे कारण शोधत बसायला कुणाला सवड नाही. पाळीचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, "रेकॉर्डरवर बघा की साहेब, लाइन सरळ आहे."

सरळ असणारच. कंट्रोल रूममधला पेपरलेस रेकॉर्डर सेकंदाला एक नमुना घेतो. इंटरलॉक, म्हणजे मोटर चालू राहू देणारी सुरक्षा-स्विचांची साखळी, दहा-बारा मिलिसेकंद तुटला, तर तो नेमका नमुन्यात सापडणार शंभरात एखाद्या वेळी. बेळगावच्या उद्यमबागेतून चार चॅनेलचा ट्रिगरवाला रेकॉर्डर मागवला, म्हणजे ठरवलेली घटना घडली की त्या क्षणाची नोंद ठेवणारा.

इंटरलॉकची साखळी २४ व्होल्ट डीसीची: इमर्जन्सी स्टॉप, पुल-कॉर्ड स्विच (दोरी ओढली की कॅरिअर थांबवणारा), ओव्हरलोड रिले (मोटरवर जास्त भार आला की तुटणारा), मग पीएलसीचा, म्हणजे यंत्रं चालवणाऱ्या कंट्रोलरचा, इनपुट. प्रत्येकाची परतीची वायर पॅनेलच्या टर्मिनलवर येते. तिथे तीन चॅनेल लावले, चौथ्यावर मोटरचा करंट मोजणारा क्लॅम्प.

ट्रिगर करंटवर ठेवा, असा तिथल्या लोकांचा आग्रह होता. पण करंट साध्या स्टॉपलाही पडतो. शिवाय इनपुट फिल्टर (क्षणिक बदल गाळणारा), स्कॅन (पीएलसीची इनपुट वाचायची फेरी), आउटपुट रिले, कॉन्टॅक्टर (मोटर चालू-बंद करणारा मोठा स्विच) असं सगळं पार करून करंट पडेपर्यंत तुटलेली साखळी पुन्हा जुळलेली असते. मल्टिमीटर घेऊन धावणाऱ्याला सगळं ठणठणीत दिसतं ते याचमुळे. ट्रिगर लावला साखळीच्या शेवटच्या टोकाला, पीएलसीच्या इनपुटवर. साखळी कुठेही तुटो, हे टोक पडणारच. उतरती कड, पातळी १२ व्होल्ट, म्हणजे व्होल्टेज १२ च्या खाली उतरलं की नोंद. वेग सेकंदाला १०,००० नमुने, नोंद २ सेकंदांची, प्री-ट्रिगर ८० टक्के. म्हणजे १.६ सेकंद आधीचं, ०.४ सेकंद नंतरचं. रेकॉर्डर मेमरीत सतत लिहीत आणि जुनं पुसत असतो, म्हणून ट्रिगरच्या आधीचंही हाती लागतं.

सुरुवातीला रेकॉर्डरचं मेमरी कार्ड खोट्या नोंदींनीच भरू लागलं. शेजारचा कॉन्टॅक्टर सुटला की त्याच्या कॉइलचा काटा, म्हणजे व्होल्टेजचा क्षणिक झटका, या वायरवर उमटायचा, एक-दोन नमुन्यांपुरता. अशा वेळी पातळी खाली ओढायचा मोह होतो, पण काटा शून्यापर्यंत येत असेल तर त्याचा काही उपयोग नाही. ट्रिगर फिल्टर २० नमुन्यांचा केला, म्हणजे व्होल्टेज सलग २ मिलिसेकंद खाली राहिलं तरच नोंद. पीएलसीच्या इनपुटचा फिल्टर ३ मिलिसेकंदांचा होता. त्याहून छोटी तूट पीएलसीला कळतच नाही, मग आपण तरी का पकडायची? मोड 'रिपीट', म्हणजे एक नोंद झाली की पुढच्या ट्रिगरसाठी पुन्हा तयार. 'सिंगल' ठेवला असता, तर पहिल्या खोट्या ट्रिगरनंतर यंत्र रात्रभर गप्प बसलं असतं. रेकॉर्डरचं घड्याळही स्काडाशी, म्हणजे स्टॉपेज नोंदवणाऱ्या कंट्रोल रूमच्या संगणकाशी, जुळवून घेतलं. नाहीतर कुठली नोंद कुठल्या स्टॉपेजची, यावर वाद सुरू.

रात्रपाळीत मासा लागला. पहिलं टर्मिनल, इमर्जन्सी स्टॉपनंतरचं, २४ वर स्थिर. दुसरं आणि तिसरं एकदम शून्यावर, ११ मिलिसेकंद, आणि परत वर. करंट पडला तो सुमारे ५० मिलिसेकंदांनी. म्हणजे दोष पुल-कॉर्ड स्विचमध्ये, नाहीतर तिथवर जाऊन येणाऱ्या केबलमध्ये. कार्डावर अशा तुटी स्टॉपेजपेक्षा जास्त निघाल्या. तेही बरोबरच: स्कॅन २० मिलिसेकंदांचा आणि तूट ११ चीच, त्यामुळे बऱ्याच तुटी दोन स्कॅनच्या मधे पीएलसीच्या नजरेतून निसटतात.

स्विच कॅरिअरच्या लेव्हलरजवळ, म्हणजे उसाचा थर सारखा करणाऱ्या यंत्राजवळ, जिथे हादरे सगळ्यात जास्त. झाकण उघडलं तर आत चिपाडाची भुकटी, आणि एक वायर लगशिवाय, म्हणजे टोकाला धातूची टोपी न बसवता, नुसती पीळ देऊन स्क्रूखाली दाबलेली. बोट लावलं की हलत होती. लग क्रिंप केला, केबल आत घेणारा ग्लँड बदलला.

इनपुटचा फिल्टर २० मिलिसेकंद करून टाका, भानगडच मिटेल, असंही एकाने सुचवलं होतं. स्टॉपेज थांबले असते हे खरं, पण माणूस अडकल्यावर ओढायच्या दोरीची वायर तशीच ढिली राहिली असती. फिल्टर ३ वरच ठेवला आणि रेकॉर्डर त्याच सेटिंगवर पुढच्या पाळ्यांसाठी जोडून ठेवला. कार्डावर आल्या त्या फक्त मुद्दाम दोरी ओढून घेतलेल्या चाचणीच्या नोंदी.