तुम्ही विचारलंत म्हणून: परीक्षा असताना रोजच्या नोंदी कशाला?

"सहामाही आहे, वार्षिक आहे, मग बाई, तुम्ही रोज वहीत काय टिपत बसता?" दर पालकसभेला हा प्रश्न येतो. आज एकदाच नीट सांगते.

2010 मध्ये सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं, तेव्हा मीही हेच विचारायची. तिसरीला शंभरातले 60 गुण आकारिकचे, म्हणजे वर्षभर वर्गातलं काम पाहून द्यायचे, शिवाय प्रत्येक मुलाची वर्णनात्मक नोंद. बाजारात तयार नोंदींची पुस्तकं मिळत. मी त्यातून उतरवून काढलं. सगळेच उतरवत होते, पण म्हणून माझी चूक लहान होत नाही.

एका जूनमध्ये, नुकत्याच चौथीत गेलेल्या मुलीची आई वर्गाच्या दारात आली. हातात प्रगतिपुस्तक, त्यात माझ्याच अक्षरात 'वजाबाकीची उदाहरणे अचूक सोडवते'. दुसऱ्या हातात पाटी. पाटीवर 52 वजा 27, उत्तर 35.

"बाई, हे बघून लिहिलंत का?"

मला बोलता येईना. पोरीला जवळ घेऊन विचारलं, कसं केलंस गं? ती म्हणाली, "दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढले. मोठ्यातून लहान काढायचं, तुम्हीच सांगितलेलं."

सांगितलं होतं. बिनहातच्याच्या वजाबाकीत ते खपून गेलं. वार्षिकला मी तिचे दोन गुण कापले आणि पेपर गठ्ठ्यात ठेवला. का चुकली, हे विचारलंच नाही.

त्या वर्षी नव्या तिसरीला हातचा शिकवला आणि दुसऱ्याच दिवशी तेच उदाहरण घातलं. 23 पैकी 14 जणांचं उत्तर 35. पुढचा पाठ थांबवला. काड्यांचे पाच गठ्ठे, दोन सुट्ट्या. एका गठ्ठ्याचं रबर मुलांनीच काढलं, बारा मोजल्या, मग सात उचलल्या. दुसरीच्या बाईंनाही सांगितलं, ते 'मोठ्यातून लहान' आता नको. माझी वही यासाठी आहे. ती मुलांपेक्षा माझं शिकवणं तपासते.

वेळ जातो, कबूल. दिवसाला पाच-सहा मुलांपलीकडे होत नाही. तपासणी जवळ आली की काही रकाने मी आजही घाईत भरते. पाचवी-आठवीला पुन्हा पास-नापास आल्यावर तुमच्यातले बरेच जण "बरं झालं" म्हणाले. परीक्षा नको, असं मीही म्हणत नाही.

त्या आईने जाताना विचारलं होतं, "मग वर्षभर एकदाही विचारलं नाहीत तिला?" तिला मी अजून उत्तर दिलेलं नाही.