शाळा बंद असतानाची शाळा

सुवर्णमहोत्सवाच्या स्मरणिकेसाठी मनोगत पाठवा म्हणून कमिटीचा फोन आला, मग व्हॉट्सॲपवर आठवणही आली, अन् लिहायला बसलो तर शाळेतलं काही आठवेचना, जे आठवलं ते सगळं शाळा बंद असतानाचं. म्हणजे मे महिन्याचं. लेझीम, गॅदरिंग, स्कॉलरशिप यावर बाकीचे लिहितीलच. मी आपल्या गुरुजींच्या उन्हाळ्यावर लिहितो, कारण त्यावर दुसरं कोणी लिहील असं वाटत नाही.

पुण्या-मुंबईकडचे लोक आपल्या चंद्रपूर जिल्ह्यातल्या ब्रह्मपुरी-नागभीड पट्ट्याचा पारा टीव्हीवर पाहतात अन् विचारतात, 45-46 डिग्रीत तुम्ही जगता तरी कसे? अरे बाबा, मजेत जगतो! आपल्याकडं खरा उन्हाळा पहाटे अन् रात्री असतो, दुपार म्हणजे नुसती मधली सुट्टी, खिडकीला ओलं पोतं बांधायचं अन् पडून राहायचं. पण हे समजायला गुरुजी लागले. ते सुट्टीतही आपल्या गावी जात नसत, शाळेमागच्या क्वार्टरमध्येच राहत, अन् पहाटे काठी वाजवत निघाले की आम्ही पाचसात पोट्टे आपोआप मागं.

बोडीच्या, म्हणजे शेततळ्याच्या, पाळीवरून जंगलाच्या कडेला जायचं. तेंदूपत्त्याचे दिवस असले की अर्धं गाव आमच्या आधीच आत गेलेलं असायचं. घरोघरी मग 70-70 पानांचे पुडके बांधणं चालायचं, त्यात आम्हीही हात लावत होतो, पण पहाटेचा वेळ गुरुजींचा. टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, खायची ती जमिनीवर पडलेलीच, झाडावरचं कच्चं तोडलं तर जीभ अशी आवळते की दुपारपर्यंत बोलता येत नाही. चारं खायचे तर त्यांचा नियम होता, बी थुंकायची नाही, खिशात टाकायची. जांभळट काळं चार, वरचा आंबटगोड गर दातांनी ओरबाडून घ्यायचा अन् बी खिशात, पँटचे खिसे कायमचे डागाळलेले, आई ओरडायची. संध्याकाळी क्वार्टरच्या पायरीवर दगडानं एकेक बी फोडायची, ठोका जोरात बसला तर आतल्या दाण्याचा भुगा, हळू बसला तर ती फुटतच नाही. ज्याचा दाणा अख्खा निघेल त्याला गुरुजी म्हणायचे, "वा रे पठ्ठ्या!" हीच चारोळी शहरात श्रीखंडावर चार दाणे पेरलेली पाहिली की मला आजही हसू येते.

पण लिहायचं आहे ते विहिरीचं.

आपला भाग कर्कवृत्ताच्या खाली आहे, म्हणून सूर्य वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. चंद्रपूरला आपल्या आधी, नागपूरला आपल्या नंतर, आपल्याकडं 23-24 मेच्या सुमारास. दुसरी वेळ जुलैत, पण तेव्हा आभाळ असते, दिसणार काय. आता याला शून्य सावली दिवस म्हणतात, पेपरात बातमी येते. तेव्हा बातमी वगैरे काही नव्हती, गुरुजींनी आदल्या संध्याकाळी घरोघरी निरोप दिला की उद्या बाराला मैदानावर या, डोक्याला दुपट्टा बांधून अन् खिशात कांदा घेऊन. आमच्या आज्जीला वाटलं, मास्तरचं डोकं तापलं.

मैदान म्हणजे तवा. झेंड्याच्या खांबाची सावली खांबाच्या बुडाशी गोळा झाली. गुरुजींनी पितळी गडवा जमिनीवर ठेवला, त्याची सावली त्याच्याच खाली गडप. मनगटावरच्या घड्याळात बाराला सात मिनिटं वर झाली तसे ते एकदम म्हणाले, "चला, विहिरीवर! पळा!"

शाळेची विहीर तुम्हाला माहीतच आहे, वर्षभर काळीकुट्ट, आत आवाज दिला तर आवाज परत यायचा, बाकी काही दिसायचं नाही. मे महिन्यात पाणी कमरेएवढं. आम्ही काठावर पोटावर झोपून माना आत घातल्या अन् बघतो तर ऊन थेट तळापर्यंत गेलेलं, हिरवं स्वच्छ पाणी, तळाचे दगड दिसत होते, आमच्या डोक्यांच्या सावल्या पाण्यावर, अन् एका कोपऱ्यात, दगडाला तिरकी टेकलेली, शाळेची बादली.

ती बादली! दिवाळीपासून हरवली होती. आमच्यातल्याच एकावर तिचा आळ होता, घरची गरिबी, म्हणजे नाव त्याचंच येणार. तो पण तिथंच पालथा पडलेला होता, माझ्या बाजूला. कोणी काही बोललं नाही. गुरुजींनी शिपाईकाकांना गळ आणायला लावला, बादली वर आली, बूड गंजलेलं, आत एक बेडूक. गुरुजींनी बेडूक परत विहिरीत सोडला अन् बादली त्या पोराच्या हातात दिली, म्हणाले, "ने बावा, ऑफिसात ठेवून ये. अन् हेडमास्तरला सांग, सूर्यानं आणून दिली." तो हसतच गेला. नंतर गुरुजींच्या घरच्या काकूंनी सगळ्यांना पन्हं दिलं, चुलीत भाजलेल्या कैरीचं, गूळ-जिऱ्याचं, त्याला धुराचा वास असायचा. तो वास बाटलीतल्या पन्ह्याला नाही, कितीही महागाची आणा.

घरी करायला गुरुजी एकच अभ्यास द्यायचे. आपल्या विदर्भाच्या शाळा उघडायच्या 26 जूनला, म्हणजे सगळ्यात मोठा दिवस, 21 जून, सव्वातेरा तासांच्या वरचा, सुट्टीतच यायचा. त्या दिवशी आभाळ मोकळं असलं तर दुपारी मीटरभर काठी उभी करून सावली मोजायची. ती 5 सेंटीमीटरच असते, पण पडते दक्षिणेला! वर्षभर उत्तरेला पडणारी सावली त्या दिवसांत उलटी. अंगणात मी ती कोळशानं आखली होती.

आज माझं सोलर पंप बसवायचं काम आहे, तीन तालुक्यांत पंप लावलेत, देवाच्या दयेनं बरं चाललंय. पॅनेल दक्षिणेकडं वीसेक अंश कलतं करतो तेव्हा दरवेळी ती कोळशाची रेघ आठवते. शेतकरी विचारतात, भाऊ, मे महिन्यात एवढं ऊन आहे तर पंप जोरात का नाही? मग सांगतो, पॅनेलला ऊन पाहिजे, ताप नाही, 25 डिग्रीच्या वर तापलं की दर डिग्रीला पाव-अर्धा टक्का वीज कमी होत जाते. ऊन वेगळं अन् ताप वेगळा, हे पण गुरुजींचंच.

आता विहिरीवर स्लॅब आहे. पोरांच्या जिवाच्या दृष्टीनं बरोबरच आहे, पण एक जाळीचं झाकण ठेवलं असतं तर काय बिघडलं असतं? आंबे पिकवायचा माच लावायला घरात तणस, म्हणजे धानाचा पेंढा, नाही, अंगणात खाट टाकून सप्तर्षी पाहायचे तर हायमास्टचा उजेड डोळ्यात. माझी स्वतःची पोरगी कूलरसमोरून उठत नाही, तिला काय बोलू.

गुरुजी आता नाहीत. त्यांचा फोटो हॉलमध्ये लावणार असं कळलं, आनंद आहे, पण फोटो कोट घातलेला नका लावू, ते कोट घालत नव्हते.

कमिटीला एक विनंती. सोहळा जानेवारीत ठेवला, ठीक आहे, पाहुण्यांना ऊन सोसत नाही. पण येत्या मेच्या 24 तारखेला मी मैदानावर पितळी गडवा घेऊन येणार आहे. ज्यांना यायचं त्यांनी बाराच्या आत पोचावं, दुपट्टा आपापला आणावा. कैऱ्या चुलीत भाजायचं बायकोनं कबूल केलं आहे. भाषण कोणी करू नये.