चिखल्या आणि लसणाची पाकळी

आषाढ लागला की पायांच्या बेचक्यांत बुरशीमुळे चिखल्या होतात आणि घरातलं कुणीतरी सांगतंच, ‘लसूण ठेचून लाव.’ सल्ला अगदीच पोकळ नाही. फक्त त्यातला महत्त्वाचा शब्द ‘लसूण’ नसून ‘ठेचून’ आहे.

अख्खी पाकळी नाकाशी धरा, वास जेमतेम येतो. बुरशी मारणारं म्हणून ज्याचा एवढा गवगवा, ते ॲलिसिन तिच्यात नसतंच. असतं ते ॲलीन, आणि वेगळ्या कप्प्यात कोंडलेलं ॲलिनेज नावाचं एन्झाइम. बत्ता पडला, पेशी फुटल्या की दोघांची गाठ पडते आणि काही सेकंदांत ॲलिसिन तयार होऊ लागतं. अमेरिकेत कॅव्हॅलिटो आणि बेली यांनी ते 1944 साली वेगळं काढलं. बुरशीच्या एन्झाइमांमधल्या गंधकाच्या गटांना ते जाऊन चिकटतं आणि त्यांचं काम बंद पाडतं.

म्हणून अख्ख्या पाकळ्या कडकडीत तेलात काळ्या करून काढलेलं तेल फोडणीला झकास, चिखल्यांना जवळपास निरुपयोगी. ॲलिसिन जन्मायच्या आधीच उष्णतेनं एन्झाइम मरतं. स्वयंपाकातही ठेचलेला लसूण दहा मिनिटं तसाच ठेवावा, मग आचेवर. लिंबूही लगेच पिळू नये, फार आंबटपणात हे एन्झाइम टिकत नाही. (सहातला एक रस उणा म्हणून संस्कृतात लसूण ‘रसोन’. तो उणा रस आंबटच! योगायोग असेल, पण गोड आहे.)

ठेचलेला लसूण तेलात मुरला की ॲलिसिनपासून आणखी एक संयुग बनतं. स्पॅनिशमध्ये लसूण म्हणजे ‘आहो’, त्यावरून 1984 मध्ये त्याचं नाव पडलं आहोईन. मराठी घरात ही हाक परकी वाटायची नाही. व्हेनेझुएलात 1996 मध्ये याचंच 0.4 टक्के क्रीम चिखल्यांच्या 34 रुग्णांना लावलं. सात दिवसांत 27 जण बरे झाले, उरलेले सात पुढच्या सात दिवसांत.

पण ते मोजून बनवलेलं क्रीम होतं. वाटलेल्या गोळ्यात औषध किती, हे गड्ड्यागणिक बदलतं, आणि तो कातडी अक्षरशः भाजतो. रात्रभर फडक्यात बांधून ठेवला तर सकाळी फोड आलेले दिसतात. मधुमेहात पायांची जाणीव कमी झाली असेल तर ती आग कळतसुद्धा नाही. मग त्या उघड्या जखमेतून जंतू शिरतात. लसूण मुरवलेलं तेल बाटलीत भरून ठेवणंही नको. हवा न लागणाऱ्या तेलात बोट्युलिझम या विषबाधेचे जंतू वाढू शकतात आणि ते तेल पोटात गेलं तर जिवावर बेततं.

त्यापेक्षा बेचकी टिपून कोरडी करावी, मोजे रोज बदलावेत आणि क्लोट्रिमॅझोल किंवा टर्बिनाफिन हे बुरशीनाशक मलम लावावं. विकत घेताना ट्यूबवरची बारीक अक्षरं वाचावीत. क्लोबेटासोल किंवा बीटामेथासोन दिसलं तर ट्यूब परत द्यावी. ती स्टिरॉइडं आहेत. खाज दोन दिवसांत थांबते, बुरशी मात्र आतून पसरत राहते.